ती नव्हे, तिची बहीण

गुप्ते बाईंनी माझं नाव खाल्लं, असं मी एक सबंध पावसाळा भोरच्या बाजारात सांगत फिरलो. चहाच्या टपरीवर सांगितलं, एसटी स्टँडवर सांगितलं, हिरड्याची पोती उतरवणाऱ्या हमालांना सांगितलं. ऐकणारे माना डोलवायचे, कारण चहा मी पाजत होतो. खाल्लं म्हणजे नक्की काय केलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला निदान एकदा तरी नीट सांगावं लागलं असतं, आणि सांगताना माझं मलाच काही कळलं असतं.

बाई आता भोरमध्ये नाहीत. डोळे गेल्यासारखे झाले म्हणून भाचीनं त्यांना पुण्याला नेलं. त्यांच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. त्या आळीतून टेम्पो न्यायचा मी टाळतो.

मी वेल्ह्याच्या डोंगरातला. पंधराव्या वर्षी डोक्यावर हिरड्याचं बोचकं घेऊन खाली उतरलो, आणि आज भोरला माझं स्वतःचं गोदाम आहे. हिरडा, बेहडा, शिकेकाई, मुसळी, असला रानातला माल मी घेतो आणि पुण्याच्या औषधवाल्यांना विकतो. मला कुणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही कुणाला काही फुकट देत नाही. बाईंचा आणि माझा संबंध यायचं खरं तर कारण नव्हतं.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. ठेंगण्या, वाळक्या, नेसलेल्या साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. लग्न केलेलं नव्हतं. बाजारातल्या बायका म्हणायच्या, ‘‘बाईंनी भिंगाशीच लगीन लावलंय.’’ बाई म्हणायच्या, ‘‘लावलंय खरं. उलटून बोलत नाही.’’

शनिवार-रविवारी त्या एसटीनं कुठं कुठं डोंगरात जायच्या. बरोबर लाकडी पट्ट्यांची एक जाळी, दोन कातडी पट्ट्यांनी आवळलेली, आणि तिच्यात जुनी वर्तमानपत्रं. आणलेलं झाड त्या कागदांत दाबून वाळवायचं, मग जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. ती पेन्सिलीनं लिहायची. पेनाची शाई ओलीनं पसरते म्हणून बाईंच्या पिशवीत पेन नसायचंच. चिठ्ठीवर जागा, तारीख, आणणाऱ्याचं नाव आणि आकडा. हा आकडा म्हणजे ज्यानं झाड आणलं त्याच्या आयुष्यातलं ते कितवं झाड, तो. बाईंचा आकडा चार हजारांच्या पुढं गेलेला. कंडक्टर त्या जाळीकडं बघून दर वेळी विचारायचा, ‘‘बाई, ह्याचं हाफ तिकीट फाडू का?’’ आणि बाई दर वेळी म्हणायच्या, ‘‘फाड की. पण खिडकीशी बसव, त्याला हवा लागते.’’

बाजारात त्या भाव करत नसत. हे मला फार खटकायचं. भाजीवाली सांगेल तो भाव देऊन मोकळ्या. पण पावसाळ्यात डोंगरातल्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या, की बाई त्यांच्यासमोर फतकल मारायच्या आणि कुळीची जुडी सोडून पान न् पान वेगळं करायच्या.

‘‘ही तुमची कुळी. आणि ही चार पानं आली आहेत ना, ती तिची बहीण.’’

‘‘काय फरक पडतुया बाई? शिजल्यावर समदं येकच.’’

‘‘जळल्यावर आपणही सगळे एकच. तोवर वेगळे आहोत ना?’’

झाडांची नाती त्या माणसांसारखीच सांगायच्या. अगदी जवळची ती बहीण, जरा लांबची ती चुलत, आणि नुसती दिसायला सारखी पण नात्यात काहीच नसलेली, ती तोतया. पोरांना शिकवताना लॅटिन नावं सांगत असतील; आम्हाला हे एवढंच सांगायच्या आणि ते पुरायचं.

आमची गाठ पडली ती तोतयांमुळंच. पुण्याच्या एका औषधवाल्यानं माझा मुसळीचा सगळा माल भेसळ आहे म्हणून परत पाठवला. मी फोनवर त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग कुणीतरी म्हणालं, गुप्ते बाईंना दाखव. मी एक पोतं नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणालो, ‘‘बाई, ही मुसळी आहे असं कागदावर लिहून द्या. काय लागेल ते देतो.’’

बाईंनी वर्तमानपत्रं अंथरली, पोतं ओतलं आणि निवडायला बसल्या. मी उभा. दुपार झाली. मध्ये त्यांनी मला पाणी दिलं, स्वतः घेतलं नाही. शेवटी तीन ढीग झाले.

‘‘बबन, तुझ्या पोत्यात तीन आयांची लेकरं आहेत. ही मुसळी, कुळीचीच बहीण. ही शतावरी, म्हणजे तोतया. लिहून देणार नाही, पण निवडायचं कसं ते शिकवते.’’

‘‘आणि ही तिसरी?’’

तिसऱ्या ढिगात मूठभर मुळं होती. मुसळीसारखीच, पण सोलल्यावर गुलाबी झाक. बाईंनी भिंग लावलं, मूळ मोडलं, वास घेतला.

‘‘माहीत नाही.’’

‘‘प्रोफेसर असून माहीत न्हाई?’’

‘‘माहीत नाही असं म्हणता यावं म्हणून तर एवढं शिकले. मुळावरून मी जात सांगत नाही. फूल आण.’’

मला राग आला होता. पण त्यांनी शिकवल्याप्रमाणं घरच्या बायकांनी माल निवडला आणि तो माल गेला. त्यानंतर माझं एकही पोतं परत आलं नाही. मग वाटलं, बाईंना फूल नेऊन द्यावं.

ती मुळं आमच्याच भागातल्या एका पठारावरून आली होती. तिथल्या वाडीवरच्या यमुनाबाई मला मुसळी घालायच्या. वेल्हे गावापासून टेम्पोनं तासभर आणि मग वर दीड तास चढण. श्रावणात मी गेलो. यमुनाबाईंनी दाखवलं. कातळावरच्या वीतभर मातीत, सबंध पठारावर एवढाच एक पट्टा, आमच्या गोदामाएवढा.

‘‘ही कडू कुळी. आमी न्हाई खात. मुळीबी न्हाई काडत. गेल्या साली नव्या सुनंनं चुकून काडली ती तुमच्या पोत्यात आली बगा.’’

मुळासकट, फुलांसकट पाच झाडं मी उपटली. वर्तमानपत्रात घातली आणि गोदामात हिरड्याच्या पोत्याखाली दाबली, जसं बाईंना करताना बघितलं होतं तसं. चौथ्या दिवशी नेऊन दिली. बाईंनी कागद उघडला आणि भिंग लावून एकेक फूल बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘छान दाबलंयस रे.’’ आयुष्यात माझ्या कामाला छान म्हणणारं ते पहिलं माणूस. हे मी विसरलो होतो, म्हणून इथं लिहून ठेवतो.

पुढच्या रविवारी बाई माझ्याबरोबर पठारावर आल्या. एका झाडापाशी उकिडव्या बसल्या आणि मला जवळ बोलावलं. ‘‘हे बघ. कुळीच्या फुलाला टिचकी मार.’’ शेजारीच साधी कुळी होती. मी टिचकी मारली. फूल अर्ध्या देठासकट गळून पडलं. ‘‘प्रत्येक देठाला एक सांधा असतो, तिथं ते तुटतं. कुळीचा सांधा देठाच्या मधोमध. आता हिला मार.’’ मारली. नुसतं फूल पडलं, अख्खा देठ दांड्यावर तसाच राहिला. सांधा थेट फुलाच्या गळ्याशी होता.

‘‘मग ही बहीण?’’

‘‘बहीण. पण हिचं नाव अजून कुणी ठेवलेलं नाही, असं मला वाटतंय. खात्री करायला वेळ लागेल.’’

नाव ठेवायचं म्हटल्यावर माझ्यातला व्यापारी जागा झाला.

‘‘बाई, खोपडे बसतंय का त्यात?’’

‘‘झाडाचं नाव ठेवायचंय, दुकानाचं नाही.’’

‘‘बरं, आडनाव ऱ्हाऊ द्या. नुसतं बबन?’’

‘‘अरे, हा काय हिरड्याचा भाव आहे?’’

‘‘आईचं ठेवा मग. ती तरी ह्याच डोंगरातली.’’

बाई हसत होत्या, पण हलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘शंभर वर्षांनी कुणी हे हातात धरलं, तर नावावरून त्याला कळलं पाहिजे की कुठं बघायचं. बबनकडं बघून काय कळणार?’’ मी पण हसलो. मनात मात्र ठरवलं की सौदा अजून संपलेला नाही. टेम्पो माझा, डिझेल माझं, झाड मी आणलेलं. वेळ आल्यावर बाई वळतील.

खात्री करायला बाईंना दोन वर्षं लागली. कुठल्या कुठल्या संग्रहांतले जुने कागद बघून आल्या. ज्येष्ठात त्या गोदामात आल्या आणि माझ्या हातात आठ पानांचा एक छापील इंग्रजी लेख ठेवला. वर जाड अक्षरात झाडाचं नाव. अर्थ म्हणे, ‘गळ्याशी सांधा असलेली’. खाली बाईंचं नाव. मी पहिल्या पानावरचा फोटो बघितला, आणि लेख वजनकाट्याखाली सारला. औषधवाल्यांच्या करारातली मुंगीएवढी अक्षरं मी भिंग लावून वाचतो. ह्या लेखाचं दुसरं पान मी उलटलं नाही.

त्याच आठवड्यात एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली : भोरच्या प्राध्यापिकेला सापडली नवी वनस्पती. बातमीत माझा उल्लेख नव्हता. मी ते वर्तमानपत्र घेऊन बाईंच्या ओट्यावर गेलो आणि आळी ऐकेल एवढ्या आवाजात बोललो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. ‘‘डोंगर आमचा आन् वरात तुमची,’’ हे एक वाक्य अजून आठवतं. बाई दारात उभ्या होत्या. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, ‘‘बबन, तू लेख वाचलास का?’’

‘‘इंग्रजी कुणाला दावता?’’ म्हणून मी निघून आलो.

भाद्रपदात बाहेरचा एक व्यापारी आला. त्याला मुसळीची भुकटी करायची होती. रंग कसला का असेना. मी त्याला पठाराचं बोललो नाही, पण त्याच दिवशी वाडीवर गेलो. यमुनाबाई नको म्हणाल्या. ‘‘ती न्हाई काडायची. सासू म्हनायची, ऱ्हाऊ द्यावी.’’

‘‘तुमच्या सासूचं काय नाव लागलंय का तिला? माझंबी न्हाई लागलं. मग कुणासाठी ठेवायची?’’

चार दिवस त्या आणि वाडीवरच्या बायका खणत होत्या. पावणेतीन पोती. मला तेव्हा पैशाची नड नव्हती. उलट त्या भावात टेम्पोचा खर्चसुद्धा जेमतेम निघत होता, आणि मी घासाघीससुद्धा केली नाही. आयुष्यात भाव न करता मी केलेला हा एकच सौदा. पोती दुसऱ्या मुसळीत मिसळली आणि गेली. कुणी काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी बाई गोदामात आल्या. ओट्यावरचं माझं बोलणं जणू घडलंच नव्हतं. ‘‘टेम्पो वेल्ह्याला जातोय का? आता बी धरलं असेल. थोडं आणून कॉलेजच्या बागेत लावते. एकाच जागी आहे ना ती, जीव टांगणीला लागतो.’’

त्या दिवशी वेल्ह्याला माल भरायचा होता. नाही कसं म्हणणार? मला वाटलं, गुडघे दुखतात, चढणार नाहीत. कापूरहोळपर्यंत मी गप्प. नसरापूर गेलं तरी गप्प. बाई मध्ये मध्ये खिडकीतून झाडांची नावं सांगत होत्या. सांगायला मला दोन तास मिळाले होते. मी एकदा तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर चहा घेणार का.

बाई चढल्या. दर वीस पावलांना थांबत, पण चढल्या. वाटेत यमुनाबाई भेटल्या, त्याही बरोबर आल्या.

पठारावर खड्डे होते. सगळीकडं वीत वीत खोल खड्डे. बाई थांबल्या.

‘‘रानडुकरं,’’ मी म्हणालो.

बाईंनी पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली. लिहायला वाकल्या आणि थांबल्या. खड्ड्याच्या कडेला पानांचे ढीग होते, जुड्या बांधाव्यात तसे एका बाजूला रचलेले. शेतातलं उपटलेलं गवतही आमच्या बायका असं नीट रचून ठेवतात, हातालाच सवय.

‘‘डुकरं पानं अशी रचत नाहीत, बबन.’’

यमुनाबाई साधेपणानं म्हणाल्या, ‘‘आमीच काडली की बाई. बबनशेटनी काडाया लावली. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?’’

मला यमुनाबाईंचा राग आला. माझं हे असंच आहे. खरं बोलणाऱ्याचा राग आधी येतो. बाई वही मांडीवर घेऊन कातळावर बसल्या.

‘‘सगळी?’’

‘‘सगळी,’’ मी म्हणालो.

‘‘किती पोती?’’

‘‘पावणेतीन.’’

‘‘कोणत्या तारखांना?’’

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘माहिती देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. खोपडे, तुमचं लिहिते.’’

तोवर मी बबन होतो आणि तू होतो. त्या कातळावर मी खोपडे झालो आणि तुम्ही झालो. पुढं कधीही परत बबन झालो नाही.

मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि पानांचे ढीग उपसायला लागल्या. फळं शोधत होत्या. फळं होती, पण हिरवी. बी काळं व्हायला अजून दोन-तीन आठवडे हवे होते. यमुनाबाई बसल्या, मीही बसलो. ऊन कलेपर्यंत तिघं जण कुजत चाललेली पानं चाळत होतो. मूठभर हिरवी बोंडं जमली. बाईंनी ती रुमालात बांधली. कॉलेजच्या बागेत त्यांनी वाफा केला. पुढच्या पावसाळ्यात त्या वाफ्यात गवत आलं, टाकळा आला. ती आली नाही.

एखादी तरी राहिली असेल म्हणून बाईंनी संध्याकाळपर्यंत पठार धुंडाळलं. कुठं कुळी दिसली की टिचकी मारायच्या, आणि म्हणायच्या, ‘‘ही ती नव्हे. बहीण.’’

थंडीत एक दिवस मी कॉलेजात गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते. बाई झाडांच्या कपाटांच्या खोलीत होत्या. मी ‘‘बाई’’ एवढंच म्हणालो. त्यांनी एक कपाट उघडलं, एक जाड कागद काढला आणि टेबलावर ठेवला. कागदावर ती होती. वाळलेली, बदामी झालेली, मुळांसकट, फुलांसकट.

‘‘नवं नाव द्यायचं तर नुसतं वर्णन पुरत नाही,’’ बाई म्हणाल्या, वर्गात सांगतात तशा. ‘‘एक वाळवलेला नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या कुणालाही शंका आली, तर त्यानं तो नमुना बघायचा. तो पुण्याच्या मोठ्या संग्रहात आहे. हा त्याच्याच बरोबर आणलेला, जोडीचा.’’

खाली चिठ्ठी होती. पेन्सिलीनं, इंग्रजीत. मला माझं नाव इंग्रजीत वाचता येतं. आणणारा : बबन खोपडे. आकडा : १.

‘‘लेखातही आहे. दुसऱ्या पानावर. ह्या झाडाचं नाव जिथं जिथं कुणी पडताळून बघेल, तिथं ‘खोपडे एक’ येणार.’’

‘‘पण तुमीबी आणली होती की झाडं. तुमचा आकडा का न्हाई घातला?’’

‘‘तुम्ही आधी आणलंत. आणि तुमचा नमुना जास्त चांगला होता.’’

एवढंच. उपकार केल्याचा सूर नाही, रागाचा नाही. मी जुळवलेले शब्द तसेच परत घेऊन आलो. मला आजही बाईंबद्दल एक तक्रार आहे आणि ती मी लपवत नाही : त्यांनी मला एक शिवी द्यायला हवी होती. शिवीला मी उत्तर देऊ शकलो असतो.

त्या वर्षापासून दर श्रावणात मी डोंगर चढतो. पहिली दोन वर्षं बाई बरोबर होत्या, मग गुडघ्यांनी साथ सोडली. वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड म्हणतात. पठारं तीच आहेत. केळदच्या बाजूचं, भाटघरच्या वरचं, एकेक करून सगळी बघतो. संशय आला की मूळ न हलवता एक दांडा काढून कागदात दाबतो आणि बाईंना नेऊन देतो.

भाची न्यायला यायच्या आदल्या दिवशी मी असाच गेलो. वाळवायलाही थांबलो नाही, ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. त्या दांड्याकडं बघून मला खरोखर वाटलं होतं की ही ती असावी. वाटेत टिचकी मारली नाही. धीर झाला नाही.

बाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांवर दवाखान्यातली हिरवी पट्टी. घरातलं सामान बांधलेलं, लाकडी जाळी मात्र बाहेर, पायापाशी. मी आवाज दिला. ‘‘खोपडे? या.’’ त्यांनी हात पुढं केला. मी दांडा हातात ठेवला. त्यांनी देठ चाचपून बघितला, पण बोटांना सांधा लागेना. मग दांडा माझ्याकडं परत केला.

‘‘टिचकी मारा. कुठं तुटतं ते सांगा.’’

मी मारली. फूल त्यांच्या मांडीवर पसरलेल्या टॉवेलावर पडलं.

बाईंचा चेहरा माझ्याकडं वळलेला होता. मी आयुष्यभर समोरच्याला जे ऐकायचंय ते सांगून माल खपवला. बाईंना दिसत नव्हतं. उद्या त्या जाणार होत्या. गळ्याशी तुटलं, एवढे दोन शब्द, आणि त्या गाडीत हसत बसल्या असत्या.

‘‘मधोमध, बाई.’’

त्यांनी मान हलवली.

‘‘बहीण,’’ म्हणाल्या. ‘‘तरी दाबून ठेवा. कितवा आकडा हा तुमचा?’’

‘‘सदतीस.’’

‘‘लिहा.’’

पायापाशी बसून मी जाळी उघडली, वर्तमानपत्र पसरलं आणि पेन्सिलीनं लिहिलं. वर बघितलं, तर बाईंनी टॉवेलावरचं ते गळलेलं फूल चाचपडत शोधून काढलं होतं, गळ्यातलं भिंग त्याच्यावर धरलं होतं, आणि पट्टी बांधलेले डोळे घेऊन त्या खाली वाकल्या होत्या.